गृहकर्ज कुठे अडतं? विसार देण्याआधी करायची तयारी

गृहकर्जाची फाइल अडते बँकेत, पण अडण्याचं कारण बहुतेक वेळा कित्येक महिने आधीच तयार झालेलं असतं. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिलेलं असतं, क्रेडिट कार्ड वापरणं थांबवलेलं असतं पण रीतसर बंद केलेलं नसतं, पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असतं. हातात दोन-तीन महिने असतील तर यातलं जवळपास सगळं दुरुस्त होतं. विसार देऊन झाल्यावर, जागेचा मालक ‘पैसे कधी देताय?’ म्हणून रोज फोन करत असताना, त्याच गोष्टी फार महागात पडतात.

आपल्याकडे रूढ क्रम असा आहे: आधी फ्लॅट पसंत, मग विसार, मग करारनामा आणि सगळ्यात शेवटी बँक. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी स्वतःची फाइल, मग बँकेकडून तत्त्वतः मंजुरी, मग जागेची कागदपत्रं आणि त्यानंतर विसार. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. आकडे आणि कागद महाराष्ट्रातले आहेत.

क्रेडिट रिपोर्ट आधी स्वतः वाचा

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. निदान दोन संस्थांचे रिपोर्ट काढा, कारण एकात दिसणारं कर्ज कधीकधी दुसऱ्यात नसतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि साधारण ७५० च्या पुढे असला की बोलणी सोपी जातात. पण नुसता स्कोअर बघून रिपोर्ट मिटू नका, आतली पानं वाचा.

आत काय शोधायचं? फेडून झालेलं कर्ज अजून चालू दिसतंय का. एखाद्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलंय का. पूर्ण पैसे न देता तडजोड केल्याची ती खूण असते आणि बँकेच्या नजरेत ती ‘क्लोज्ड’पेक्षा बरीच वाईट असते. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्या आणि नोंद बदलून घ्या. मोबाइल किंवा फ्रीजसाठी हप्त्यावर घेतलेलं छोटं कर्ज, जुन्या कार्डावर राहिलेली वार्षिक फी, ॲपवरून घेतलेले पाच-दहा हजार, हे सगळं रिपोर्टात असतं. तुम्ही जामीनदार असाल तर तेही दिसतं आणि मूळ कर्जदाराने हप्ते चुकवले असतील तर तो डाग तुमच्याही नावावर येतो.

चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम आहे. म्हणजे दुरुस्तीला महिनाभर लागू शकतो हे गृहीत धरूनच सुरुवात करायची. या काळात नवीन कार्ड, नवीन गाडी, ‘शून्य टक्के’ हप्ते, सगळं थांबवा. कार्डाच्या मर्यादेच्या ३० टक्क्यांहून कमी वापर ठेवा. आणि एकाच आठवड्यात पाच-सहा बँकांकडे अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात नोंदली जाते आणि पुढचा अधिकारी ‘इतक्या ठिकाणी का फिरताय?’ असं विचारतोच. एजंटला सह्या केलेले कागद देताना तो ते कुठे-कुठे लावणार आहे, हे म्हणूनच विचारून घ्या.

नावं जुळवा

हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मराठी नावांच्या बाबतीत तो नेहमी त्रास देतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. आधारवर लग्नानंतरचं पूर्ण नाव. बँकेच्या पासबुकात फक्त आद्याक्षरं. सातबाऱ्यावर किंवा जुन्या करारात ‘राव’ लावलेलं, आता नाही. दीक्षित इंग्रजीत एकदा ‘आय’ने आणि एकदा दोन ‘ई’ने लिहिलेलं. बँकेचा वकील या सगळ्यांना वेगवेगळ्या व्यक्ती धरू शकतो आणि मग प्रतिज्ञापत्र मागतो.

किमान पॅन, आधार, बँक खातं आणि होणारा करारनामा या चार ठिकाणी नाव अक्षरशः एकच असू द्या. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याची राजपत्रातली प्रसिद्धी जवळ ठेवा. फ्लॅट विकणाऱ्याच्या नावाचीही हीच तपासणी करा. त्याच्या जुन्या करारातलं नाव आणि आजचं आधारवरचं नाव वेगळं असेल, तर अडणार तुमचं कर्ज आहे.

किती कर्ज मिळेल, याचा हिशेब घरीच मांडा

बँका ढोबळमानाने असं पाहतात, की सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत राहावेत. उत्पन्न कमी असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. समजा, हातात ९०,००० रुपये येतात. निम्मे म्हणजे ४५,०००. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर एका लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे साधारण ५१ ते ५२ लाखांचं कर्ज बसतं. पण गाडीचा ९,००० रुपये हप्ता चालू आहे आणि पगारातून पतसंस्थेची ६,००० रुपये कपात होते. आता नव्या हप्त्यासाठी उरले ३०,००० आणि कर्ज आलं साडेचौतीस लाखांवर. महिन्याच्या १५,००० रुपयांनी १७ लाख कमी केले.

पगारदारांच्या पतसंस्थेची कपात इथे मुद्दाम घेतली आहे. शिक्षक, जिल्हा परिषदेचे, एसटीचे, कारखान्यातले कर्मचारी, अनेकांचं सोसायटीचं कर्ज असतं. ते क्रेडिट रिपोर्टात बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून लोक ते धरतच नाहीत. पण पगारपत्रकात कपात छापलेली असते आणि बँक पगारपत्रक ओळीने वाचते. सोसायटीचं कर्ज थोडंच उरलं असेल तर अर्जाआधी फेडून टाका आणि कपात बंद झालेलं पगारपत्रक जोडा.

बँकेच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा मागितला जातो. त्यात धनादेश किंवा हप्ता परत गेल्याची एखादी नोंदही अधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरते. अर्जाच्या तोंडावर अचानक भरलेली मोठी रोख रक्कमही तशीच. वडिलांनी किंवा सासऱ्यांनी मदत केली असेल तर ती खात्यातून खात्यात घ्या, जवळ साधं भेटपत्र ठेवा. नोकरी बदलायचा विचार असेल तर कर्जाचं वाटप होईपर्यंत, म्हणजे बँक प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, थांबणं बरं. नव्या ठिकाणी तुम्ही प्रोबेशनवर असाल तर फाइल बाजूला पडते.

व्यावसायिकांसाठी प्रश्न वेगळा आहे. कर वाचवायला वर्षानुवर्षं उत्पन्न कमी दाखवायचं आणि कर्जाच्या वर्षी एकदम तिप्पट, हे बँकेला पटत नाही. दोन ते तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रं, ताळेबंद आणि जीएसटीची विवरणपत्रं एकमेकांशी जुळायला हवीत. दोन वर्षांनी घर घ्यायचं असेल तर तयारी या वर्षीच्या विवरणपत्रापासून होते.

खिशातून किती जाईल

या टप्प्यावर सर्वाधिक लोक फसतात. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज मिळतं. आणि दहा लाखांवरच्या घराला ही किंमत धरताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात घेत नाहीत.

पुण्यात ६० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरू. कर्ज ४८ लाख. तुमचा वाटा १२ लाख. सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. पाच टक्के जीएसटी ३ लाख. कर्जाच्या गहाणखतावर ०.३ टक्के मुद्रांक, म्हणजे १४,४००. बेरीज साडेएकोणीस लाखांच्या वर गेली. प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, सोसायटीच्या ठेवी आणि घरातलं फर्निचर यात नाही. ‘बारा लाख आहेत, होऊन जाईल’ म्हणून निघालेलं कुटुंब मग वैयक्तिक कर्ज काढतं, त्याचा हप्ता पात्रतेतून वजा होतो आणि मंजूर झालेलं गृहकर्जही कमी होतं.

मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात एक टक्का सवलत मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. तो पूर्ण किमतीवर असतो, बँक जो भाग परस्पर मालकाला देणार आहे त्यावरही. बँक वाटपाच्या वेळी चलन मागते, म्हणून हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त असतो. विसार देण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारा.

‘थोडी रक्कम रोखीत द्या’ असं मालक म्हणाला तर नाही म्हणा. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम जागेच्या व्यवहारात रोख घेण्याला कायद्याची बंदी आहे. शिवाय बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर किंवा स्वतःच्या मूल्यांकनावर, दोन्हींत जी कमी असेल तिच्यावर. रोख रक्कम करारात नसते, म्हणजे तेवढा भाग पूर्ण तुमच्या खिशातून. मूल्यांकनाचा धक्का रोख न देताही बसू शकतो. ६० लाखांच्या फ्लॅटचं मूल्यांकन ५६ लाख आलं तर कर्ज ४८ ऐवजी ४४ लाख ८० हजार होतं. ३ लाख २० हजारांची ही तूट भरायची सोय तुमच्याकडे आहे का, हा प्रश्न विसाराआधी विचारायचा.

तत्त्वतः मंजुरी घ्या, पण तिच्यावर विसंबू नका

आता दोन बँकांकडे जा, फार तर तीन. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो ती एक असू द्या. तत्त्वतः मंजुरीत बँक फक्त तुम्हाला तपासते, जागा तपासत नाही. त्यामुळे पत्र हातात आलं म्हणजे पैसे आले असं समजू नका. आपण किती लाखांपर्यंतचं घर बघायचं, हे मात्र त्यातून नक्की कळतं आणि मालकाशी बोलताना वजन येतं.

पतीपत्नी दोघांच्या नावावर घर असेल तर बँक सहसा दोघांनाही कर्जात घेते. त्यामुळे दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट आधीच पाहा. पत्नीच्या नावावरच्या विसरलेल्या कार्डामुळे अडलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत.

जागेची कागदपत्रं: इथे घाई नको

‘बँकेने कर्ज मंजूर केलंय म्हणजे कागदपत्रं स्वच्छ असणार’ हा समज धोक्याचा आहे. बँकेचा वकील बँकेसाठी तपासतो. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण सर्वांसमोर आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून या प्रकल्पांची महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी करून घेतली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या अनेक कुटुंबांनी बँकांचं कर्ज काढूनच घरं घेतली होती. इमारत जाते, हप्ता राहतो. म्हणून पाच-दहा हजार रुपये खर्चून स्वतःचा वकील लावा, आणि बांधकामाची परवानगी खरी आहे का हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा. नुसती महारेराची नोंदणी पुरेशी धरू नका.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. ताबा कधीचा दाखवलाय, मुदतवाढ किती वेळा घेतली, खटले कोणते, प्रकल्पाची जमीन कुणाकडे गहाण आहे, हे सगळं तिथे असतं. जमीन गहाण असेल तर त्या वित्तसंस्थेची तुमच्या फ्लॅटपुरती एनओसी लागेल. ती नसेल तर तुमची बँक वाटप करणार नाही. किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेण्याला रेरा कायद्याची मनाई आहे. बिल्डर जास्त मागत असेल तर तिथेच थांबा.

जुना फ्लॅट घेताना कागद जास्त असतात आणि अडचणीही जास्त. पहिल्या बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक व्यवहाराचा नोंदणीकृत करार आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा, ‘इंडेक्स टू’), अशी अखंड साखळी लागते. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली प्रमाणित प्रत हे सगळं करावं लागतं, आणि तरीही काही बँका नाही म्हणतात. सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), सोसायटीची एनओसी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कर आणि मेंटेनन्सच्या पावत्या मागून घ्या. मंजूर नकाशा हातात घेऊन फ्लॅटमध्ये फिरा. गच्ची आत घेतलेली, बाल्कनीची खोली झालेली, दोन फ्लॅट एकत्र केलेले, या गोष्टी मूल्यांकन करणारा लिहून नेतो.

मालक वारला असेल आणि मुलगा विकत असेल तर नीट बघा. सोसायटीत वारसदार म्हणून नाव लागलं, म्हणजे तो एकटा मालक झाला असं होत नाही. बाकी वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा तो एकटाच वारस असल्याचा न्यायालयाचा दाखला. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही ‘नंतर घेऊ’ असं कुणी म्हणालं, तर ती आधी घ्या.

मालकाचंच कर्ज बाकी असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त वेळ लागतो. त्याच्या बँकेकडून उरलेली रक्कम सांगणारं पत्र आणि तिच्या ताब्यात असलेल्या कागदांची यादी लेखी घ्या. तुमची बँक पहिला धनादेश थेट त्या बँकेच्या नावाने देते. त्या फ्लॅटवर आणखी कुठे बोजा आहे का, हे सेरसाई या गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत थोडी फी भरून पाहता येतं.

गुंठेवारीचा (मंजूर आराखड्याशिवाय तुकडे पाडून विकलेला) प्लॉट, वर्ग दोनची (विकायला सरकारी परवानगी लागणारी) जमीन, गावठाणातलं घर आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीने बांधलेली इमारत, यांना मोठ्या बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत. इथे विसार देण्याआधीच शाखेत कागद दाखवून घ्या.

विसार पावती

सगळं जुळलं की विसार द्या, पण लहान द्या आणि खात्यातून द्या. पावतीवर ‘बँकेने कर्ज नाकारल्यास अथवा जागेच्या कायदेशीर तपासणीत दोष निघाल्यास विसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत देण्यात येईल’ हे वाक्य लिहून घ्या. मालक कुरकुर करेल. तरीही घ्या, कारण या एका वाक्यावर तुमचे लाख-दोन लाख अवलंबून आहेत. उरलेली रक्कम द्यायची मुदत ४५ ते ६० दिवसांची ठेवा. पंधरा दिवसांत कर्ज मिळवून देतो असं सांगणाऱ्या एजंटच्या भरवशावर कमी मुदत लिहू नका.

सही करण्याआधी

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण देणं बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात व्याज, सगळी शुल्कं आणि दोन्ही मिळून पडणारा वार्षिक दर एकत्र लिहिलेला असतो. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. दोन बँकांची तुलना याच कागदावरून करा, जाहिरातीतल्या दरावरून नको.

तीन गोष्टी विचारा. दर कशाशी जोडलेला आहे? बँकांचे नवे बदलते दर ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या, बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी जोडलेले असतात. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःचा दर ठरवतात. दुसरं, मंजुरीची रक्कम विम्यामुळे वाढली आहे का? कर्जाचा विमा सक्तीचा नाही, आणि एकरकमी हप्ता कर्जात मिसळला की त्यावरही २० वर्षं व्याज जातं. विमा हवाच असतो, पण साधा मुदत विमा वेगळा घेणं मला जास्त योग्य वाटतं. तिसरं, मुदत. ५० लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत सुमारे ५४ लाख व्याज जातं, ३० वर्षांत ८८ लाख. हप्त्यातला फरक मात्र पाच हजारांच्या आतबाहेर आहे. दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे. वैयक्तिक नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंडही नाही.

मंजुरी ते वाटप

मंजुरीपत्राची मुदत साधारण तीन ते सहा महिने असते. या काळात नवीन कर्ज घेऊ नका, नोकरी सोडू नका, कारण वाटपाआधी बँक पुन्हा तपासू शकते. बँक आधी तुमचा वाटा भरल्याच्या पावत्या मागते. त्या पावत्या आणि खात्यातल्या नोंदी जुळायला हव्यात. बांधकाम चालू असेल तर पैसे टप्प्याटप्प्यानेच सोडायला सांगा. बिल्डरच्या मागणीपत्राबरोबर आर्किटेक्टचा दाखला घ्या आणि एकदा साइटवर जाऊन खरंच तेवढे मजले झालेत का हे बघा. व्याज धनादेश हातात पडल्याच्या तारखेपासून लागायला हवं, मंजुरीच्या तारखेपासून नाही. पहिल्या महिन्याचा उतारा आला की हे तपासा.

मूळ कागद जमा करताना प्रत्येक कागदाची यादी बँकेच्या सही-शिक्क्यासह घ्या. गहाणाची नोटीस ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल व्हावी लागते, ती झाली का विचारा. कर्ज नाकारलं गेलं तर कारण लेखी मागा. ते तुमच्या रिपोर्टाचं असेल तर दुरुस्ती करून काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. ते जागेचं असेल तर दुसऱ्या बँकेकडे धावण्याआधी ती जागा तुम्हाला खरंच हवी आहे का, हे ठरवा.